शंभर पटीने कमी

यादी वसतिगृहाच्या कार्यालयाच्या दारावर चिकटवली होती आणि तिच्यात आमच्या शाळेतल्या पोरीचा नंबर नव्हता. वरून खाली वाचली, खालून वर वाचली. शेवटी आत जाऊन कारकुनाला विचारलं, तर म्हणाला, दोन मार्कांनी गेली. मोठ्या संख्यांच्या गुणाकाराचे पाच प्रश्न होते आणि पाचही चुकले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरगी माझ्या मागेच उभी होती, परीक्षेसाठी म्हणून घेतलेली नवी चप्पल घालून. मी वळले आणि शहापूरच्या भर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर तिला झापायला सुरुवात केली.

"डोकं आहे की मडकं? वर्षभर तेच घोकून घेतलं ना तुझ्याकडून? पाचातलं एक तरी बरोबर यावं! एक तरी!"

ती ओठ घट्ट मिटून उभी राहिली. ते ओठ मिटणं तिला मीच शिकवलं होतं, पण ते तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. डोक्यात नुसता जाळ होता.

मी मुरबाड तालुक्यातल्या एका शाळेत गणित शिकवते. बावीस वर्षं झाली. राग माझ्या नाकावर असतो हे मला कुणी सांगायला नको, घरचे सांगतात, शाळेतले सांगतात, एसटीचे कंडक्टरसुद्धा सांगतात. पण त्या दिवशीचा राग उगाच नव्हता. त्या वसतिगृहात दरवर्षी शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांतून नववीच्या दहा मुली घेतात. राहणं, जेवण सगळं फुकट. दहावी तिथेच आणि पुढे अकरावी-बारावी सायन्स चालत जायच्या अंतरावर. या पोरीच्या पाड्यावरून मुरबाडच्या कॉलेजला जायचं म्हटलं तर पहिली एसटी पोचते तेव्हा दोन तास संपलेले असतात, आणि संध्याकाळची कधी येते, कधी येतच नाही. म्हणजे हिशेब सरळ होता. वसतिगृह मिळालं तर सायन्स, नाहीतर दहावीनंतर घर.

आणि तिला रक्त तपासणारी व्हायचं होतं. कधीतरी आजाबरोबर आरोग्य केंद्रात गेली होती. तिथल्या बाईंनी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून हिला बघू दिलं. दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी माझ्या टेबलाजवळ येऊन उभी. "बाई, एका थेंबात कोटीनं पेशी असतात, खरं का?" म्हटलं, खरं. "मग अख्ख्या माणसात किती?" मी म्हटलं, तेच तर शिकवणार आहे या महिन्यात, बस जागेवर.

आणि शिकवलंच की! बेचाळीस कोटी गुणिले तीस लाख. शून्यांच्या रांगा लावून करत बसाल तर कागद पुरत नाही आणि एखादं शून्य हमखास गळतं. म्हणून पॉइंट उचलायचा, पहिल्या आकड्यानंतर नेऊन ठेवायचा आणि किती घरं सरकला ते मोजायचं. आठ घरं सरकला, तर चार पॉइंट दोन गुणिले दहाचा आठवा घात. तीस लाखात सहा घरं सरकतो, म्हणून तीन गुणिले दहाचा सहावा घात. आता पुढच्या आकड्यांचा गुणाकार करायचा आणि घातांकांची नुसती बेरीज. बारा पॉइंट सहा, दहाचा चौदावा. पॉइंटआधी एकच आकडा हवा, म्हणून एक पॉइंट दोन सहा आणि घात पंधरावा. झालं! एवढंच! पोरांना मी म्हणायचे, अरे, हे तर बेरजेइतकं सोपं आहे, यात चुकायला खास अक्कल लागते.

माझ्या वर्गात एक नियम होता. मोजताना पुटपुटायचं नाही. कुणाचे ओठ हलताना दिसले की मी डस्टर टेबलावर आपटायचे. "मनात मोजा! खळ्यावर बसलात काय भात मोजायला?" पोरं हसायची. ज्याचे ओठ हलले त्याच्याकडे बघून हसायची. या पोरीचे ओठ फार हलायचे. जूनमध्ये मी तिला चारदा उभं केलं असेल. दिवाळीपर्यंत तिचं तोंड बंद झालं आणि मला वाटलं, चला, एक काम तरी झालं.

शहापूरहून परत येताना ती खिडकीशी बसली आणि मी तिच्या शेजारी धुमसत बसले. किन्हवली गाव मागे पडल्यावर मला आठवलं, कारकून शेवटी आणखी काहीतरी म्हणाला होता. एक जागा त्यांनी राखून ठेवली होती. दोन मार्कांच्या आत जेवढ्या गेल्या होत्या त्यांची तोंडी परीक्षा घेणार, आठ दिवसांनी. रागाच्या भरात मी ते नीट ऐकलंच नव्हतं. मी तिला म्हटलं, "आठ दिवस आहेत. रविवारी मी तुझ्या घरी येते. कशी येत नाहीत गणितं तेच बघते."

रविवारी गेले तेव्हा घरात कणगीतून भात काढणं चाललं होतं. पाऊस लागायच्या आत गिरणीवर भरडून आणायचा असतो. तिची आई गोणीचं तोंड धरून बसली होती, आजा पायलीने मापत होता आणि पोरगी पाटाजवळ उकिडवी बसून मोजणी ठेवत होती. मला बघून ती उठायला लागली. मी म्हटलं, होऊ दे तुमचं, बसते मी. खरं तर मनात म्हणत होते, परीक्षा तोंडावर आली आणि हिला मापं मोजायला बसवलंय!

आजाने पायली भरली, हाताने सपाट केली आणि म्हणाला, "लाभ." आणि ती पायली त्याने गोणीत नाही, परत कणगीतच ओतली. मग दुसरी भरली, ती गोणीत. "एक." पुढची. "दोन." पोरीचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. वीस झाल्या की ती मूठभर भात पाटावर बाजूला ठेवायची. शेवटी पाटावरच्या मुठी मोजल्या की किती विसा झाल्या ते कळतं.

"बाबा, पहिली का नाय मोजत?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे, उत्तर मला माहीत होतं.

"ती लाभाची गो बाई. कणगीची कणगीला. तीबी मोजून नेली त मागं काय ऱ्हायचं?"

मला एक शंका आली. तिच्या दप्तरातून वसतिगृहाची प्रश्नपत्रिका मागून घेतली. पोरं प्रश्नाशेजारी पेन्सिलीने आपापली उत्तरं लिहून आणतात, तशी तिनेही आणली होती. पहिलाच प्रश्न बेचाळीस कोटींचा. तिचं उत्तर, एक पॉइंट दोन सहा गुणिले दहाचा तेरावा घात. पंधरावा हवा होता.

"पॉइंट कसा सरकवलास ते मोजून दाखव मला. तोंडाने. मोठ्याने."

तिने माझ्याकडे भीत भीत पाहिलं. "तोंडानं, बाई?"

"तोंडानं!"

तिने बोट ठेवलं शेवटच्या शून्याशी आणि एकेक घर मागे आणलं. "लाभ. एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. सात." सात! तीस लाखाला, "लाभ, एक, दोन, तीन, चार, पाच." पाच! प्रत्येक संख्येतलं पहिलं घर लाभाचं, ते मोजायचं नाही. सात नि पाच बारा, वरचा एक तेरा. बाकी सगळं बरोबर. गुणाकार बरोबर, बेरीज बरोबर, पॉइंटची जागा बरोबर. पुढची चारही उत्तरं पाहिली. नवव्या घाताच्या जागी सातवा, अठराव्याच्या जागी सोळावा. पाचही उत्तरं दोन घातांनी कमी. शंभर पटीने कमी, ना नव्व्याण्णव, ना एकशे एक.

मग तिची वर्षाची वही मागितली आणि ती उघडली तेव्हा मला माझीच लाज वाटली. पानांमागून पानं तीच चूक. घातांक दोन कमी, दोन कमी, दोन कमी. आणि प्रत्येक ठिकाणी माझी लाल फुली आणि खाली माझ्याच अक्षरात, निष्काळजीपणा. अगं बये! जिचं प्रत्येक उत्तर बरोबर तेवढ्यानेच चुकतं ती निष्काळजी? इतक्या काळजीने चुकणारं पोर मी बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं. निष्काळजी कोण होतं? जी फुल्या मारत सुटली होती ती. एकदा, फक्त एकदा तिला मोठ्याने मोजू दिलं असतं तर जूनमध्येच कळलं असतं. पण आम्हाला शांत वर्ग हवा होता ना!

आणि याहून संतापाची गोष्ट सांगते. माझा बाप आमच्या गावात मापाला बसायचा. कुणाच्याही खळ्यावर भात मापायचं असलं की त्याला बोलावणं यायचं. पहिली पायली लाभाची, हे मी चालायला लागायच्या आधीपासून ऐकलेलं. चौथीत गुरुजींनी टेबलावर चिंचोके ओतले आणि मला मोजायला सांगितलं. मी पहिला चिंचोका बाजूला सारून म्हटलं, लाभ. अख्खा वर्ग खो खो हसला. गुरुजींनी कान धरून मला दाराबाहेर उभं केलं. त्या दिवसानंतर मी कधी ओठ हलवून मोजलं नाही आणि त्याचा मला अभिमान होता. अभिमान! आम्ही सुधारलो म्हणे. सुधारून काय केलं, तर दुसऱ्याचं तोंड बंद केलं.

आजाला यातलं काही सांगितलं नाही. काय सांगणार, तुमच्या लाभाने पोरगी नापास झाली? तसं ते नव्हतंच. मी पोरीला अंगणात घेऊन बसले आणि म्हटलं, गणितात लाभ नाही, पहिल्या घराला एक म्हणायचं. तिने मान डोलावली. पण बोट आणि ओठ एकमेकांशी जुळेनात. एक म्हणायची आणि बोट अडायचं, पुन्हा मागे जायची, पुन्हा सुरू. दहातली चार चुकली, आणि ती आता कशीही चुकत होती, कुठे एकाने, कुठे तिनाने. मी पुन्हा चिडले. तेव्हा तीच म्हणाली,

"बाई, मी माझंच मोजू का? आन शेवटाला दोन्हीकडचे लाभ परत घालते. चालंल?"

चालंल? धावेल! दोन संख्या, दोन लाभ, बेरजेत दोन वाढवले की उत्तर बरोबर. तिने दहा गणितं केली आणि दहाच्या दहा बरोबर आली. तीन संख्यांचा गुणाकार दिला तर न सांगता तीन लाभ परत घातले. मी तिच्या पाठीवर थाप मारली. नंतरचे सहा दिवस शाळा सुटल्यावर आम्ही हेच केलं. तिचा आवाज परत आला होता. वर्गाबाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ती लाभ म्हणायची.

आणि मग तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी मी माती खाल्ली.

मला त्या खोलीतली माणसं दिसायला लागली. इस्त्रीचे कपडे, टेबलावर पाण्याच्या बाटल्या. ही फळ्यापाशी उभी राहणार आणि म्हणणार, लाभ. ती माणसं एकमेकांकडे बघणार. मला तो चौथीचा वर्ग ऐकू आला. मी तिला म्हटलं, "हे बघ, उद्या तिथे लाभ-बिभ तोंडाने बोलायचं नाही. हसतील. मनातल्या मनात म्हण. कळलं?"

"व्हय बाई."

"ओठसुद्धा हलवू नकोस."

"नाय हलवत."

दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या खोलीचं दार उघडंच होतं. आम्हा सोबत आलेल्यांना बाहेर बाकावर बसवलं होतं आणि मधे बोलायचं नाही अशी ताकीद दिली होती. आत दोन पुरुष आणि एक बाई. मला वाटलं होतं तशी ती माणसं मुळीच नव्हती. त्यातल्या एकाने तिला आधी पाणी दिलं. प्रश्न सोपा होता, छप्पन्न लाख गुणिले वीस कोटी. घरी तिने याच्यापेक्षा अवघड डझनभर केली होती. तिने दोन्ही संख्या फळ्यावर व्यवस्थित लिहिल्या.

"छान," बाई म्हणाल्या. "आता बोलत बोलत कर हं. कशी करतेस ते आम्हाला ऐकायचंय."

तिने खडू शेवटच्या शून्याशी टेकवला आणि तशीच उभी राहिली.

"बोल ना बाळा. जे मनात येईल ते बोल. चुकलं तरी चालेल."

तिने दाराकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. नुसतं एक अक्षर, मी मान जरी हलवली असती तरी पुरे होतं. म्हण, म्हण लाभ, हसले तर हसू देत! पण मी बसून राहिले. जिच्या तोंडाचा पट्टा एरवी थांबत नाही ती मी त्या दिवशी नियम पाळत बसले. तिचे ओठ मिटलेले होते. जरासुद्धा हलले नाहीत. त्या माणसांनी वाट पाहिली, खूप पाहिली, मग दुसरा प्रश्न दिला. तिसरा दिला. मग म्हणाले, ठीक आहे बाळा, जा तू.

दुपारी ती जागा किन्हवलीकडच्या कुठल्याशा मुलीला मिळाली. बरोबरच होतं. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, आणि राग काढायला माणूसच सापडत नव्हता. मग सवयीने मी पुन्हा तिच्यावरच घसरले. शहापूरच्या एसटी स्टँडवर, माणसांच्या गर्दीत.

"तोंड शिवलं होतं का तुझं? बोल म्हणत होत्या ना त्या? किती वेळा म्हणाल्या! मग बोलायला काय झालं होतं?"

तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. या वेळी भीत नव्हती.

"तुमी बोललात, लाभ बोलायचा नाय. त्या बोलल्या, बोलून कर. मंग मी सुरू कुठून करू, बाई?"

तिने पाठीवरचं दप्तर खाली ठेवलं, नव्या चपलेच्या टोकाने स्टँडच्या धुळीत दोन्ही संख्या लिहिल्या, शून्यं एकाखाली एक नीट लावली, आणि वाकून बोट ठेवलं शेवटच्या शून्याशी. "लाभ," ती म्हणाली, मोठ्याने, खणखणीत. "एक. दोन. तीन. चार. पाच." मग दुसरीला, "लाभ. एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. सात." पाच पॉइंट सहा दुणे अकरा पॉइंट दोन. पाच नि सात बारा. वरचा एक, तेरा. "आन दोन लाभ परत. पंधरावा घात."

एक पॉइंट एक दोन गुणिले दहाचा पंधरावा घात. बरोबर होतं. आजूबाजूला बाजारहाट करून निघालेली माणसं होती, कॉलेजची पोरं होती, डोकीवर गोणी घेतलेली एक बाई होती. सगळी बघत होती, ऐकत होती. कोणीही हसलं नाही.